काटकोन

माझी अक्षरं मला रस्त्यावर पहिल्यांदा दिसली ती एका जिमच्या फ्लेक्सवर. मी स्कूटीला असा करकचून ब्रेक मारला की मागच्या ऑटोवाल्याने तमिळमधून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी वर बघत होते. निळ्या फ्लेक्सवर दंड फुगवलेला एक माणूस होता आणि त्याच्या डोक्यावर तमिळमध्ये माझा 'उ', माझा 'ड', माझा 'ल'. प्रत्येक कोपरा मी छाटला होता तसाच छाटलेला.

कुणाला वाटेल, बाई खूश झाली असेल. खूश कसली! ही अक्षरं अजून कुणाच्याही दृष्टीस पडायला नको होती, आणि इथे ती भर चौकात व्यायाम करत होती.

मी विनुता. मी फाँट बनवते, म्हणजे छापायच्या अक्षरांना आकार देते. पूर्वी चेन्नईत एका जाहिरात कंपनीत होते; साबणाच्या पाकिटावरची अक्षरं दिवसभर इकडून तिकडे सरकवायची आणि संध्याकाळी साहेबांच्या सांगण्यावरून परत होती तिथे आणून ठेवायची. वीट आला. नोकरी सोडली आणि तंजावूरला परतले. राजवाड्यामागच्या गल्लीत माझी आत्या गंगाबाई राहते. मला तिनेच वाढवलं. तिच्या घराच्या माडीवर टेबल मांडून मी काटकोन काढायला बसले.

काटकोन हे माझ्या फाँटचं नाव. पुस्तकात वाचायचा फाँट नव्हे हा. बारीक छापला तर वाचणारा डोकं धरून बसेल. हा मथळ्याचा, पाटीचा, गाडीच्या अंगावर मिरवायचा. पुढच्या शतकातून आल्यासारखा दिसावा, एवढीच माझी इच्छा. तमिळ अक्षरं म्हणजे सगळी वळणं आणि वेटोळी. मी एकेक वळण मोडलं, तिथे सरळ रेषा बसवल्या, कोपरे तिरके छाटले आणि जाड दांड्यांमधून एक बारीक फट काढली. इंग्रजी अक्षरांनी लगेच ऐकलं. तमिळ अक्षरांनी माझा जीव काढला. त्यातही तो एक 'ळ', ज्याच्यापाशी परक्यांची जीभ अडखळते. छाटला की त्याची आतली पोकळी बुजायची आणि लांबून नुसता काळा ठोकळा दिसायचा.

भिंतीवर चिकटवलेले नमुने बघायला आत्या वर यायची. कमरेवर हात ठेवून म्हणायची, "हें अक्षर उपाशी दिसतें गे." नाहीतर, "ह्याला अजीर्ण झालें काय?" मी चिडून खाली जायचे, कॉफी ढोसायचे आणि परत येऊन तेच अक्षर पुसून नव्याने काढायचे.

बंगळूरच्या एका इलेक्ट्रिक स्कूटरच्या कंपनीला काटकोन आवडला. स्कूटरच्या अंगावर, वेग दाखवणाऱ्या पडद्यावर, शोरूमच्या पाट्यांवर, सगळीकडे त्यांना तोच हवा होता. करार झाला की त्यांची पुढची कामंही मलाच मिळणार होती, म्हणजे मी इथे, ह्या माडीवर राहू शकणार होते. नाही झाला तर पुन्हा चेन्नई, तेच हॉस्टेल, तोच साबण. कंपनीच्या दोन अटी होत्या. त्यांनी जाहीर करेपर्यंत अक्षरं कुठेही दिसता कामा नयेत. आणि त्यानंतर फाँट कंपनीच्या नावाने ओळखला जाईल. तो कुणी काढला हे मी कधीही, कुणालाही सांगायचं नाही.

पहिली अट मला अगदीच किरकोळ वाटली होती. दुसरीचं मी आत्याला सांगितलंच नव्हतं. मात्र ती कळल्यापासून माझं कशात लक्ष लागत नव्हतं. जेवायला बसले तर पाण्याला उठायचे, पाण्याला उठले तर जिन्यात उभी राहायचे.

आणि आज त्या कंपनीची डिझाइनप्रमुख नंदिता सह्या करायला स्वतः आली होती. मूळची पुण्याची, नोकरीला बंगळूरला. सकाळी राजवाडा बघून जेवणाच्या वेळेला घरी येते, असा तिचा मेसेज होता. मी तिच्यासाठी मिठाई आणायला निघाले होते. मिठाई राहिली बाजूला. मी गाडी वळवली ती थेट मणी अण्णाच्या दुकानावर.

मणी अण्णा आमच्याच गल्लीतला, आमच्यासारखाच घरात मराठी बोलणारा. जुन्या बस स्टँडजवळ त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मुंज, बारसं, घरभरणी, पुढाऱ्याचा वाढदिवस, गावात जे काही घडतं ते आधी त्याच्या मशीनमधून बाहेर पडतं. मी आत शिरले तेव्हा तो कुण्या नवरदेवाचा चेहरा गोरा करत होता.

"अण्णा, हीं अक्षरें तुमकडे कोठून आलीं?"

"आत्यानें दिलीं की!" तो इतक्या निरागसपणे म्हणाला की मला त्याचा गळा धरावासा वाटला. "पेन ड्राइव्ह घेऊन आली. आईच्या पूजेचा बोर्ड करायचा म्हणाली. पोरें आतां देवळाला बांधत असतील. तुला ठाऊक नाहीं?"

आई म्हणजे आमच्या गल्लीतली भवानी. आज आडी ह्या तमिळ महिन्यातला शुक्रवार, तिची वर्षाची पूजा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या घरात कोणतीही गोष्ट पहिली तिला दाखवल्याशिवाय वापरत नाहीत. शेवग्याची पहिली शेंग तिला, नव्या बरणीतलं पहिलं लोणचं तिला. मणी अण्णाच्या मशीनवरचा पहिला फ्लेक्ससुद्धा तिचाच होता. आत्याच्या हिशेबाने भाचीने नवीन अक्षरं केली, ती परगावच्या लोकांना द्यायची म्हणते, तर त्याआधी ती देवीला नकोत? पेन ड्राइव्ह उचलताना तिच्या मनात क्षणभरही शंका आली नसेल.

"बोर्ड आईचा. मग जिमवाल्याला कसें दिलें?"

मणी अण्णाने मान खाजवली. "सूपर अक्षर आहे, विनुता. कोणी आलें कीं तेंच दाखवतों. पाहिलें कीं सगळे तेंच मागतात."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

त्याने सांगितलं. जिम. एक सलून. कबड्डीच्या टीमच्या बनियनांची पाठ. आणि एक शोकफलक. हे ऐकून मी खालीच बसले. अंतराळात उडायला काढलेली अक्षरं कुणाच्या तरी मरणाला वापरली होती.

मी मणी अण्णाला मशीन बंद करायला लावलं, त्याचा कटर उचलला आणि त्याला स्कूटीवर मागे बसवलं. तो वाटभर "कोपूं नको गे, कोपूं नको" म्हणत होता. मी कोपलेच होते. प्रत्येक सिग्नलला मला नंदिता दिसत होती. प्रत्येक ऑटोत तीच बसलेली आहे असं वाटत होतं.

जिमवाला सुरुवातीला ऐकेना. हे अक्षर आल्यापासून पोरं येऊन त्याच्यापुढे फोटो काढतात, म्हणाला. शेवटी छपाईत चूक झाली आहे, बदलून देतो, अशी थाप मणी अण्णाने मारली. फ्लेक्स उतरवून मी तो घडी घालून स्कूटीवर पायाशी ठेवला. सलूनवाला गिऱ्हाईकाच्या गळ्याशी वस्तरा धरून होता; त्याच अवस्थेत त्याने मानेनेच "न्या" म्हटलं. कबड्डीची पोरं सामन्याला तिरुवारूरला गेली होती. माझी अक्षरं त्यांच्या पाठीवर बसून गावाबाहेर गेली, तेवढंच नशीब.

राहिला शोकफलक. तो बस डेपोच्या फाटकाशी लावला होता. पांढऱ्या जमिनीवर एका म्हाताऱ्याचा फोटो, कपाळावर विभूती, आणि वर काळ्या काटकोनात "कण्णीर अंजली", अश्रूंची श्रद्धांजली. खाली नाव, पुगळेंदी. मी कटर उघडला आणि तेवढ्यात फलकाखाली बसलेला माणूस उठून उभा राहिला. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

"अप्पांना ओळखत होता?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

मी कटर पाठीमागे लपवला. काय सांगणार? मणी अण्णा पुढे झाला आणि म्हणाला, फलक नीट बांधलाय का बघायला आलो. मग तो माणूस आपणहून बोलायला लागला. अप्पा पापनाशमचे. जन्मभर ह्या डेपोत बसगाड्यांची इंजिनं उघडत होते. नवीन गाडी आली की सुट्टी असली तरी बघायला यायचे. "म्हणून हे अक्षर घेतलं. नव्या गाडीवर असतं तसं आहे ना? अप्पांना आवडलं असतं."

पाठीमागे लपवलेला कटर मी हळूच मिटला.

"फक्त एक आहे," तो वर बघत म्हणाला. "लांबून अप्पांचं नाव लागत नाही. मधलं अक्षर भरल्यासारखं दिसतं. लोक जवळ येऊन विचारतात, कोण गेलं?"

मी पाहिलं. पुगळेंदीमधला 'ळ'. तोच काळा ठोकळा. माडीवर पडद्याकडे बघताना मी स्वतःची समजूत घातली होती, चालेल, गाडीच्या अंगावर कोण एवढं बघतं. इथे तो एका माणसाच्या नावावर बसला होता.

"हे अक्षर कुणी केलं?" त्या मुलाने विचारलं.

मणी अण्णाने माझ्याकडे पाहिलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

सही अजून व्हायची होती, तरी जीभ आधीच तयार झाली होती. मी तो फलक काढला नाही. मला काढवेना. गाडीशी आल्यावर मणी अण्णा म्हणाला, "ऐसें कां सांगितलेंस?" मी किक मारली. स्कूटीला बटण असताना मी किक मारली, एवढी मी भानावर नव्हते.

आता गल्लीतला बोर्ड. तो उतरवला की नंदिताला काही कळणार नव्हतं. मी गल्लीत वळले आणि वळताक्षणी मला नंदिता दिसली.

ती देवळासमोर उभी होती. हातात स्टीलचा पेला, त्यात कूळ, म्हणजे पूजेला वाटतात ती नाचणीची आंबट पेज. आत्याने तिचं मनगट धरून ठेवलं होतं, पाहुणा पळून जाऊ नये म्हणून धरतात तसं. आणि दोघींच्या डोक्यावर, देवळाच्या कमानीला बांधलेला, लालपिवळा, ऐसपैस फ्लेक्स.

"विनुता!" नंदिताने हाक मारली. "लवकर आटपलं म्हणून चालतच आले, तर तुझ्या आत्याने रस्त्यातच पकडलं मला. किती गोड बोलतात गं त्या! अगदी जुनं मराठी." पुण्याची माणसं आम्हाला हे नेहमी सांगतात, जणू आम्ही त्यांच्या पणजीच्या बरणीत मुरत पडलो होतो. एरवी मी काहीतरी टोचून बोलले असते. आज मी नुसतं वर पाहिलं.

मधोमध भवानी. आणि डाव्या कोपऱ्यात, कमळाच्या पाकळ्यांच्या चौकटीत, मी. माझा लायसन्सवरचा फोटो, गालांना गुलाबी रंग लावून. येत्या निवडणुकीला उभी असल्यासारखी मी हात न जोडताच जनतेकडे बघत होते.

"हा फोटो तुझाच ना?" नंदिता हसत होती. "आम्ही मघापासून त्यावरच बोलतोय. पण लिहिलंय काय? मला तमिळ कुठे येतं!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिने अक्षरं ओळखलीच नव्हती. ज्या बाईने त्या फटीच्या रुंदीवरून माझ्याशी तासन्तास वाद घातले, ती त्या फटींच्या खाली उभी राहून पेज पीत होती आणि तिला ती दिसत नव्हती. सुटले, असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला राग आला, आणि रागाच्या खाली फार वाईट वाटलं.

"वाच की," ती म्हणाली.

आता ही आमची आणखी एक गंमत. आम्ही बोलतो मराठी आणि लिहितो तमिळ अक्षरांत. गल्लीत देवनागरी वाचणारं माणूस शोधावं लागेल. बोर्डावरची अक्षरं तमिळ होती, पण भाषा मराठी होती. मी जे वाचेन ते नंदिताला शब्दन् शब्द कळणार होतं. मला खोटं वाचता आलं असतं. सुरुवात तरी मी खरी केली.

"आई भवानीची आडी शुक्रवारची पूजा. सगळ्यांनीं यावें. फुलें, अखिला. दूध, रघोजीरावांच्या घरचें."

"आणि फोटोखाली?"

आत्या माझ्याकडे बघत होती. तिने हे स्वतः लिहवून घेतलं होतं. माझ्या तोंडून ऐकायला तिचा चेहरा किती उत्सुक झाला होता. मघाशी डेपोच्या फाटकाशी मी जे बोलले ते पुन्हा बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"अक्षरें," मी वाचलं, "आमची विनुता."

नंदिताचं हसू थांबलं. तिने वर पाहिलं, ह्या वेळी खरोखर पाहिलं. पेला आत्याच्या हातात देऊन ती दोन पावलं मागे सरकली. "विनुता, हा आपला फाँट आहे?"

"हो."

"किती लोकांनी पाहिला?"

मी स्कूटीवर पायाशी ठेवलेल्या फ्लेक्सच्या घड्यांकडे बोट केलं आणि सगळं सांगून टाकलं. शोकफलकसुद्धा. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ. मी काही पाहिलं नाही. हा आत्ता उतरव, बाकीचे लोक काही बंगळूरला तक्रार करायला येत नाहीत. त्या दुकानातून फाइल काढून टाक आणि वर जाऊन आपण सही करू. मला पुढची सगळी कामं तुझ्याकडूनच करून घ्यायची आहेत." ती मनापासून बोलत होती. वाईट बाई नव्हती ती.

मणी अण्णाने मुकाट्याने देवळातलं स्टूल आणून ठेवलं. आत्या रागावेल, आडवी येईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "काढ गे. आईनें पाहिलें. पहिलें तिचें झालें, आतां त्यांचें."

मी स्टुलावर चढले. दोरीला कटर लावला. माझं नाव माझ्या नाकासमोर होतं, तळहाताएवढं, प्रत्येक कोपरा छाटलेलं. ह्यातल्या 'वि'ची वेलांटी जमायला मला एक अख्खा पावसाळा लागला होता. माझा हात पुढे जाईना.

"काय झालें?" आत्याने विचारलं.

"आत्या, सही केली कीं हें मीं केलें म्हणून सांगायचें नाहीं."

"कोणाला?"

"कोणालाच. कधींच."

"मग कोणी केलें म्हणायचें?"

"कंपनीनें."

आत्याने विचार केला. मग ती नंदिताकडे वळली. भांडायला नव्हे, समजेना म्हणून माणूस विचारतं तसं तिने विचारलं. "तुमकडे ऐसें करतात? आम्ही अर्धा पेला दूध कोणी दिलें तरी त्याचें नांव लिहितों. नांव न लिहितां दिलें तर आई घेईना."

नंदिताने माझ्याकडे पाहिलं. "विनुता, तू बोल. निर्णय तुझा आहे."

मी घाबरले होते. उगाच कशाला सांगू की नव्हते? हॉस्टेलची ती खोली, खिडकीबाहेरचा पाण्याचा टँकर, साबणाचं पाकीट, सगळं डोळ्यांपुढे आलं. आत्याला पुन्हा एकटं सोडून जायचं, हे आलं.

"फाँट घ्या," मी म्हणाले. "जिथे वापरायचा तिथे वापरा. नाव कंपनीचं ठेवा हवं तर. पण काढला मी, हे मी सांगणार."

"ते मान्य करणार नाहीत. तुला माहीत आहे."

"हो."

नंदिताने आत्याच्या हातून पेला घेतला, उरलेली पेज संपवली आणि पेला स्वतः नळाखाली धुऊन ठेवला. तेवढ्यासाठी मला ती कायम आवडेल. ऑटोत बसताना तिने पुन्हा एकदा बोर्डाकडे पाहिलं, पण कागद काही पिशवीतून बाहेर आले नाहीत.

गल्ली परत आपल्या कामाला लागली. मी स्टुलावरच बसले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. पायांना मात्र पळत सुटावंसं वाटत होतं. आत्याने एक पेला पेज भरून माझ्या हातात दिली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आतां काय करशील?" तिने विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाहीं.

मणी अण्णा खाकरला. "हें जिमचें आणि सलूनचें. आतां ह्यांचें काय?"

"परत लावा," मी म्हणाले. "आणि खालीं नांव घाला माझें."

"फोटो?"

"फोटो नको!"

तो आनंदाने घड्या उचलायला लागला. मग थांबला. "आणि तें डेपोवरचें? त्यावर पण नांव?"

मी पेजेचा पेला खाली ठेवला आणि उठले. माडीवर जायला हवं होतं, लगेच.

"तें बदलून नवीन छापायचें आहे. मी 'ळ' मोकळा करून देतें," मी जिन्याकडे धावत म्हणाले. "त्यावर माझें नको. तेथें नांव त्यांचें आहे."